चिमणी गुढीपाडव्यानंतर तपासायची, दसऱ्यानंतर नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण न्यू हॅम्पशायरमध्ये एका मराठी जोडप्याने गेल्या वर्षी घर घेतलं. घर 1983 सालचं. बाहेरच्या भिंतीला लागून विटांची चिमणी आहे आणि तिच्यात दोन फ्लू, म्हणजे धूर जाणाऱ्या दोन वेगळ्या नळ्या. एक हॉलमधल्या उघड्या फायरप्लेसची, दुसरी तळघरातल्या लाकडाच्या स्टोव्हची. मागच्या हिवाळ्यात स्टोव्हमध्ये तीन कॉर्ड (लाकूड मोजायचं इथलं माप) लाकूड जळलं. हॉलमधला फायरप्लेस अजून पेटवलेला नाही, तो दिवाळीला पाहुणे आले की पेटवायचा आहे. आता ऑक्टोबर लागलाय. एका चिमणीवाल्याने डिसेंबरची तारीख दिली, दुसरा "उद्याच येतो, स्वस्तात करतो" म्हणाला. तेव्हा आता साफ करून घ्यावी, की हिवाळा संपला की एकदमच? आणि जाता जाता एक गोष्ट त्यांनी लिहिली: जुलैमध्ये हॉलच्या चिमणीतून घरघर आवाज यायचा, आता थांबलाय.

मी या भागात 17 वर्षं चिमण्या तपासतोय, साफ करतोय आणि दुरुस्तही करतोय. आधी तुमच्या कामाचं उत्तर देतो, मग कारणं.

या वर्षी: दोन्ही फ्लू तपासून होईपर्यंत काहीही पेटवू नका. दिवाळीला पणत्या लावा, फायरप्लेस नको. डिसेंबरची तारीख आजच पक्की करा आणि आधीची एखादी रद्द झाली तर कळवा म्हणून नाव लिहून ठेवायला सांगा. अशा तारखा सुटतात. पुढच्या वर्षापासून: शेवटचा जाळ विझला की लगेच, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

दसऱ्याच्या आसपास माझा फोन थांबत नाही. पहिली थंडी पडली की सगळ्यांना एकदम चिमणी आठवते. त्यात चूक काहीच नाही, गरज लागली की माणूस बघतो. पण आमचं राजापूर तालुक्यातलं घर कौलारू होतं आणि वैशाखात घर शाकारायचे. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे, परत लावायची. त्याच दिवसांत लाकूडफाटा पडवीत भरून ठेवायचा. मृग लागल्यावर कुणी कौलाला हात लावत नसे, कारण तेव्हा गळती सापडली तरी करण्यासारखं काही उरत नाही. चिमणीचंही तेच आहे. थंडीची आगोट, म्हणजे बेगमी, उन्हाळ्यात भरायची असते.

लोकांना वाटतं चिमणीचं काम म्हणजे ब्रश मारणं. ब्रश मारायला तासभर लागतो आणि ते जानेवारीतही करता येतं. मुद्दा ब्रशचा नाहीच. ब्रश मारल्यावर जे दिसतं, त्याची दुरुस्ती कधी करता येते यावर सगळं वेळापत्रक ठरतं. ती दुरुस्ती विटांची, सिमेंटची, मालाची, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूची असते आणि माल थंडीत धरत नाही. तापमान 40 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअसच्या खाली गेलं की सिमेंटचं घट्ट होणं मंदावतं, आणि माल ओला असताना गोठला तर त्यातलं पाणी फुगून आतली बांधणीच मोडतं. आमच्याकडे सप्टेंबर संपता संपता रात्री त्या आकड्याखाली जायला लागतात.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका घराचा क्राउन, म्हणजे चिमणीच्या डोक्यावरचं सिमेंटचं झाकणासारखं छत, फुटलेला सापडला. घरमालकाला थँक्सगिव्हिंगला जाळ हवा होता. दुपारी ऊन चांगलं होतं, मी क्राउन घातला, वर ताडपत्री टाकली आणि निघालो. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. मार्चमध्ये पुन्हा वर चढलो तर क्राउनचा कोपरा हातात आला आणि बोटांनी चुरडला. ओली वाळू वाटावी असा. ते काम मे महिन्यात माझ्या खर्चाने मी परत केलं. तेव्हापासून कुणी कितीही आग्रह केला तरी थंडी पडल्यावर मी क्राउन घालत नाही. तात्पुरतं झाकतो आणि वसंतातली पहिली तारीख त्या घराला देतो.

आता विटा फुटतात कशा ते बघा, म्हणजे वसंतातच का बघायचं ते कळेल. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. वीट पाणी पिते, दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, त्याहून जास्त पितात. जानेवारीच्या कडाक्यात सगळं गोठलेलंच राहतं, तेव्हा नुकसान तितकं होत नाही. खरी मोडतोड मार्चमध्ये होते. दिवसा बर्फ वितळून पाणी आत शिरतं, रात्री गोठतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. मार्चमध्ये मुलांना घेऊन मेपलचा पाक करताना बघायला आपण जातो ना, तो मेपलचा रसही याच रात्री गोठण्या-दिवसा वितळण्यामुळे वाहतो. ज्या आठवड्यांत झाडं रस देतात, त्याच आठवड्यांत चिमण्यांच्या विटांचे पापुद्रे निघतात. एप्रिलमध्ये जमिनीवर, चिमणीच्या पायाशी, विटेचे लाल पातळ तुकडे पडलेले दिसले तर समजा वर काम निघालंय. त्यासाठी शिडी लागत नाही, बाग साफ करताना दिसतं.

म्हणजे एप्रिलमध्ये तपासलं तर हिवाळ्याने काय केलं ते ताजं ताजं दिसतं आणि हातात मे ते सप्टेंबर असे पाच महिने उरतात. गवंडी मिळतो. दर्जा भरून घेता येतात. क्राउन नवा घालता येतो, दोन इंच पुढे काढून, म्हणजे पाणी विटांवरून न ओघळता खाली ठिबकतं. विटांवर पाणी न मुरण्याचं औषध मारायचं तर विटा आधी कोरड्या व्हाव्या लागतात, तेही उन्हाळ्यातच जमतं. ते औषध सिलेन-सिलोक्सेन जातीचं घ्या, जे आतली वाफ बाहेर जाऊ देतं. वरून रंगासारखा थर बसवणारं काही लावू नका. आत कोंडलेलं पाणी हिवाळ्यात वीट आतून फोडतं. हेच सगळं ऑक्टोबरमध्ये सापडलं तर तुमच्यापुढे दोनच वाटा राहतात: हिवाळाभर जाळ बंद, किंवा घाईचं कच्चं काम.

दुसरं कारण काजळीचं. लाकडाचा धूर वर जाताना थंड नळीला लागतो. धूर साधारण 250 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 120 सेल्सिअसच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि न जळलेला डांबरी अंश नळीच्या भिंतीवर धरतो. त्याला आम्ही क्रिओसोट म्हणतो. आजीच्या चुलीवरचे वासे काळे आणि चकचकीत झालेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते काय आहे हे सांगायला नको. तुमची चिमणी बाहेरच्या भिंतीला आहे, तीन बाजूंनी वाऱ्यात. घराच्या मधून जाणाऱ्या चिमणीपेक्षा ती जास्त गार राहते, म्हणून तिच्यात क्रिओसोट जास्त धरतं.

सुरुवातीला ते भुरभुरीत असतं, ब्रशने निघतं. पुढे कुरकुरीत पापडीसारखं होतं, त्याला जोर लावावा लागतो. शेवटी काचेसारखा कडक चकचकीत थर होतो, त्याला ब्रश नुसता घसरतो. तो काढायला वेगळी यंत्रं आणि औषधं लागतात, आणि कधी कधी आतलं अस्तरच बदलावं लागतं. चिमणीत आग लागते ती अशा थरांना. त्या आगीत तापमान 2000 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ 1100 सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं आणि आतली मातीची टाइल तडकते. पुष्कळदा घरातल्यांना कळतही नाही. विमान गेल्यासारखा घुमण्याचा आवाज येतो आणि थांबतो. मग मला एप्रिलमध्ये आत मधाच्या पोळ्यासारखं फुगलेलं क्रिओसोट दिसतं आणि टाइलला उभी भेग. पुढच्या वेळी ज्वाळेला त्या भेगेतून लाकडी चौकटीपर्यंत वाट मिळते.

किती जाड झालं की साफ करायचं? अमेरिकेतल्या चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूटचा सल्ला इंचाच्या आठव्या भागाचा आहे, म्हणजे तीन मिलिमीटर. एकावर एक दोन पेनी ठेवा, तेवढी जाडी. स्टोव्ह पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन नळीत बघा, स्क्रूड्रायव्हरने एक रेघ ओढा. रेघेची खोली दोन पेनींइतकी दिसली तर साफसफाई लागलीच. चकचकीत थर दिसला तर जाडी मोजत बसू नका, तो थोडा असला तरी लगेच बोलवा.

आणि ही काजळी उन्हाळाभर आत ठेवली तर ती नुसती बसून राहत नाही. जुलै-ऑगस्टची दमट हवा तिच्यात मुरते, आम्लं तयार होतात, डॅम्परचं, म्हणजे नळी बंद करायच्या झडपेचं, लोखंड आणि स्टीलचं अस्तर खातात. घरात एसी आणि पंखे चालू असले की हवा चिमणीतून उलटी खाली ओढली जाते आणि हॉलमध्ये भिजलेल्या राखेचा वास भरतो. दर ऑगस्टला मला या वासाचे फोन येतात. एप्रिलमध्ये साफ झालेल्या घरातून असा फोन क्वचितच येतो. राखेचंही तसंच. हिवाळ्यात तळाशी इंचभर राख राहू द्यावी, जाळ चांगला धरतो. पण मोसम संपला की ती काढा. राखेत पाणी मुरलं की क्षार होतो आणि तो धातू खातो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून दूर, लाकडी डेकवर तर अजिबात नको. वरून गार वाटणाऱ्या राखेत निखारा काही दिवस जिवंत राहतो.

आता तुमच्या जुलैच्या आवाजाकडे येतो. प्रश्नात तुम्ही तो सहज लिहिलात, पण माझ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमच्या चिमणीत चिमनी स्विफ्ट नावाची पाखरं राहून गेलीत, याची मला जवळजवळ खात्री आहे. ही पाखरं फांदीवर बसत नाहीत, त्यांच्या पायांची ठेवण उभ्या खडबडीत भिंतीला चिकटून राहण्याची. पूर्वी पोकळ झाडांत राहत, आता विटांच्या चिमण्यांत. काटक्या स्वतःच्या लाळेने भिंतीला चिकटवून अर्ध्या बशीएवढं घरटं करतात. नळीत पंख फडफडले की आवाज असा घुमतो की माणसं आकाश गडगडतंय म्हणून खिडकीबाहेर बघतात. पिल्लांना चारा मिळाला की चिरचिर वेगळी. एकदा जुलैमध्ये मी एका डॅम्परखाली आरसा धरला तर चार पिल्लं भिंतीला टाचणीने टोचल्यासारखी एकाशेजारी एक लटकलेली दिसली, चोची वर. मी डॅम्पर हळूच बंद केला, घरातल्यांना सप्टेंबरपर्यंत थांबा म्हणालो आणि निघालो.

थांबायलाच लागतं. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असताना ते काढता येत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये ती मेच्या सुरुवातीला येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात निघून अमेझॉनच्या खोऱ्यात जातात. म्हणूनच मी मेच्या पहिल्या आठवड्यानंतर साफसफाईची तारीख द्यायला नाखूश असतो. बाहेरच्या विटांचं काम उन्हाळ्यात चालतं, आत ब्रश घालणं आणि वर जाळीची टोपी बसवणं मात्र ती येण्याआधी किंवा गेल्यानंतर. खरं सांगायचं तर या पाखरांची संख्या खूप घटली आहे. विटांची नळी असेल, ती उन्हाळ्यात वापरात नसेल आणि तुम्हाला आवाज चालत असेल, तर टोपी न लावता त्यांना येऊ द्या आणि सप्टेंबरात साफ करून घ्या, असं मी मोकळेपणाने सांगतो. स्टीलचं अस्तर असेल तर मात्र टोपी हवीच. गुळगुळीत पत्र्यावर त्यांना पकड मिळत नाही, आत पडून अडकतात.

तुमच्या घरी पाखरं गेली, घरटं आतच आहे. वाळलेल्या काटक्या, थेट जाळाच्या वर. दिवाळीला फायरप्लेस पेटवू नका म्हणालो ते यासाठी.

अजून एक. घर विकत घेताना होम इन्स्पेक्टरने बघितलं होतं म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर त्यांचं बघणं बहुतेक वेळा खालून टॉर्च मारण्यापुरतं असतं. एनएफपीए 211 या राष्ट्रीय मानकात तपासणीचे तीन स्तर आहेत. दरवर्षीची साधी तपासणी पहिल्या स्तराची. घराची खरेदी-विक्री झाली, इंधन बदललं, चिमणीत आग लागून गेली की दुसऱ्या स्तराची लागते. तिच्यात कॅमेरा पूर्ण नळीतून फिरवतात. तिसऱ्या स्तरात भिंत फोडून बघतात, तो प्रसंग क्वचित येतो. तुम्ही घर घेताना दुसरा स्तर झाला नसावा, म्हणून डिसेंबरची तारीख घेताना "लेव्हल टू, दोन्ही फ्लू" असं नेमकं सांगा. याच मानकात वर्षातून किमान एकदा तपासणी सांगितली आहे, साफसफाई गरज असेल तर. फायरप्लेस वापरलाच नाही म्हणून तपासणी टाळू नका. पाखरं, पाणी आणि गोठणं तुम्ही पेटवायची वाट बघत नाहीत.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळं वाचून नवल वाटेल. तिथे प्रत्येक भागाला नेमलेला चिमणीवाला असतो आणि तो कायद्याने सात वर्षांत दोनदा घरातली प्रत्येक शेगडी-भट्टी बघून जातो. मधली साफसफाई वेगळी ठरवून दिलेली. इथे कुणी दार वाजवत नाही. फोन तुम्हालाच करायचाय.

"उद्याच येतो, स्वस्तात" म्हणणाऱ्याबद्दल. ऑक्टोबरमध्ये चांगला माणूस उद्या मोकळा असणं अवघड आहे. अशांतले काही कमी भावात आत येतात आणि अस्तर बदलायलाच हवं म्हणून घाबरवून हजारोंचं काम काढतात. अस्तर खरंच बदलावं लागतं कधी कधी, म्हणून ऐकून हाकलूनही देऊ नका. कॅमेऱ्यातले फोटो मागा, भेग कोणत्या टाइलला आहे ते दाखवायला सांगा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. मातीच्या टाइल साधारण दोन दोन फुटांच्या असतात. "वरून तिसरी" असं नेमकं सांगणाऱ्या माणसाने खरोखर पाहिलेलं असतं.

तुम्ही स्टोव्ह रोज जाळता, तीन कॉर्ड म्हणजे थोडं नव्हे. एक कॉर्ड 128 घनफुटांची, चार फूट उंच, चार रुंद, आठ लांब. एवढ्या वापराला माझ्या मते वर्षातून एकदा बघणं पुरत नाही. जानेवारीच्या शेवटी बहुतेक वर्षी दोन-चार दिवस हवा ढिली पडते. त्या दिवसांत स्टोव्ह पूर्ण विझवून टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हरने पुन्हा बघा.

पण काजळी मुळात कमी धरावी असं वाटत असेल तर लक्ष लाकडाकडे द्या. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजनही पाण्याचं असू शकतं; जाळायचं लाकूड 20 टक्क्यांच्या खाली हवं. ओलं लाकूड धुमसतं, धूर गार राहतो, सगळं नळीला लागतं. मेपल, बर्च वसंतात फोडून वारा खेळेल असं रचलं तर पुढच्या हिवाळ्याला चालतं. ओकला मी दोन उन्हाळे देतो. "सीझन्ड", म्हणजे सुकवलेलं, म्हणून विकलेल्या लाकडावर भरवसा ठेवू नका. ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्या, एक ढलपा मधोमध फोडा आणि फोडलेल्या ताज्या बाजूवर त्याच्या सुया टोचा. बाहेरची बाजू सुकलेली दिसतेच. रात्री स्टोव्हची हवा कोंडून ठेवायची सवयही सोडा. हवा बंद करून रात्रभर धुमसणारा स्टोव्ह एका महिन्यात जेवढं क्रिओसोट करतो, तेवढं मोकळा जळणारा कित्येक महिन्यांत करत नाही.

गॅसचा फायरप्लेस असलेल्यांनाही वर्षातून एकदा तपासणी लागते, काजळी दिसत नसली तरी. पायलटच्या, म्हणजे पेटवायच्या छोट्या ज्योतीच्या, नोझलमध्ये कोळी जाळं करतो, काचेवर पांढरट थर बसतो, गॅस्केट सैल होतात. हे काम सप्टेंबरमध्ये केलं तरी चालतं, त्यात सिमेंट नाही. बाहेरच्या भिंतीतून नळी निघत असेल तर प्रत्येक मोठ्या हिमवादळानंतर तिच्या तोंडासमोरचा बर्फ काढा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर हवा. तुमच्याकडे तळघरात आहे का, ते आज रात्रीच बघा.

यंदा स्टोव्ह पेटलेला नसेलच, पण पुढच्या वर्षांत तारखेच्या आदल्या दिवसापासून तो विझलेला ठेवा. गरम नळीत आम्ही ब्रश घालत नाही आणि फेरी फुकट जाते. फायरप्लेससमोरची पाच-सहा फूट जागा मोकळी करा, दर्शनी कट्ट्यावरचे गणपती, फोटो, समया आधीच उचलून ठेवा. आणि घरट्याचा आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला ते आल्या आल्या सांगा, म्हणजे ब्रश घालण्याआधी माणूस खालून आरसा लावून बघेल.